मोगलीच्या नदीकाठी

चांद्याला जायचे म्हटले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष ताडोब्यात जाऊन वाघ पाहू इच्छिणाऱ्यांचा. हा पक्ष मोठा, तरुण आणि कॅमेरे बाळगणारा. दुसऱ्या पक्षात मी एकटाच. मला पाहायची असते ती नदी. नदी पहाटे साडेचारला उठवत नाही, तिच्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत, आणि ती गेल्या जागी हमखास भेटते. पण हे युक्तिवाद घरात कोणी ऐकून घेत नाही.

यंदाच्या फाल्गुनात मात्र मी एकटाच निघालो. पिशवीत दादासाठी चितळ्यांची बाकरवडी होती, वहिनींसाठी साडी होती, आणि दोन सदऱ्यांच्या मध्ये जपून ठेवलेली एक तबकडी होती. माझ्या धाकट्या मुलीने ती अमेरिकेहून धाडलेली. तिच्यावर १९४२ सालचा ‘जंगल बुक’ होता, साबूचा.

साबूचे नाव आजच्या मुलांना सांगावे लागते, म्हणून थोडक्यात सांगतो. हा म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताचा मुलगा. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटासाठी मुलगा शोधत हिंदुस्थानात आला आणि हत्तीखान्यातला हा पोर त्याला सापडला. १९३७ साली तो चित्रपट निघाला आणि साबू जगभर गाजला. पुढे कोर्डा बंधूंनी त्याला मोगली केले. अलेक्झांडर कोर्डा निर्माता, झोल्टन कोर्डा दिग्दर्शक. युद्धामुळे त्यांना विलायतेत काम करणे कठीण झाले होते, म्हणून सिवनीचे जंगल उभे राहिले ते कॅलिफोर्नियात. गोष्ट सांगणारा म्हातारा बुलदेव जोसेफ कॅलेया नावाच्या माल्टाच्या नटाने केला. गावकरीही सगळे तपकिरी रंग फासलेले गोरे. एवढ्या गर्दीत एक साबूच काय तो खरा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या विमानदलात तोफची होता, आणि १९६३ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

आमच्या बाबांनी हा चित्रपट नागपुरात पाहिला, कॉलेजात असताना, युद्ध संपता संपता. एकदा नव्हे, चार वेळा. पुढे ते जंगलखात्यात कारकून म्हणून आलापल्लीला गेले, त्याचे कारण घरची गरिबी हे होते. पण ते स्वतः सांगत की मोगलीने मला बोलावले. त्यांचा एक लाडका सिद्धांत होता, की मोगली हा आपला माणूस. त्यात तथ्यही होते. किपलिंगच्या पुस्तकात जी नदी आहे ती वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाशी उगम पावते, बालाघाट, भंडारा करीत खाली येते आणि चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. शिवाय त्या काळी सिवनी आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात, मध्यप्रांत-वऱ्हाडात, होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. “म्हणजे मोगलीला काही कज्जा करायचा असता तर त्याला नागपूरलाच यावं लागलं असतं,” असे बाबा म्हणत आणि स्वतःच हसत. १९५६ साली प्रांत तुटला. सिवनी तिकडे राहिली, चांदा इकडे आला. बाबांच्या हिशेबी मात्र नदी कोणी तोडली नव्हती.

(स्वतः किपलिंग सिवनीच्या जंगलात कधी गेला नव्हता म्हणतात. त्याने ते पुस्तक लिहिले अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या थंडीत बसून. ही गोष्ट मी बाबांना कधी सांगितली नाही.)

बाबा चित्रपटाची गोष्ट सांगत नसत, रंग सांगत. मोगली पाण्यात शिरतो तेव्हाचे हिरवे पाणी, हरवलेल्या नगरीतल्या खजिन्यातली माणके, शेवटचा वणवा. “वणवा खरा कसा दिसतो ते त्यात पाहा,” असे जंगलखात्याचा माणूस म्हणे, ज्याने दर उन्हाळ्यात खरे वणवे पाहिले होते. आम्ही दोघे भाऊ ते रंग ऐकूनच मोठे झालो.

आता त्या कॅसेटची हकीकत सांगितली पाहिजे, कारण सगळे घोडे तिच्यापाशी अडलेले आहे.

१९८७ साली बाबा अंथरुणाला खिळले. १९८२ च्या एशियाडपासून रंगीत टी.व्ही. आपल्याकडे पसरला होता आणि व्हिडिओ भाड्याने मिळू लागला होता. एका रात्रीचे भाडे, त्यात तीन कॅसेटी. दादाने आणि मी ठरवले की बाबांना ‘जंगल बुक’ दाखवायचा. पुष्कळ धावपळ केल्यावर नागपुरात एका दुकानात ती कॅसेट मिळाली. मी ती मांडीवर घेऊन एस.टी.ने चांद्याला आलो. संध्याकाळी बाबांना तक्क्याला टेकवून बसवले. शेजारपाजारची मुले जमली. आणि चित्र सुरू झाले.

काय सांगू! जंगल हिरवे नव्हतेच. ते शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखे कळकट होते. साबूचा चेहरा कधी गुलाबी, कधी जांभळा. तांबडा रंग आपल्या जागी राहीना, ओघळून शेजारी जाई. मधूनच पडद्यावर खालून वर पांढरी रेघ सरके. दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, “बंद करा रे. डोळे गेलेत माझे.”

आम्ही बंद केले. डोळे गेले नाहीत, कॅसेट वाईट आहे, हे त्यांना कोणीच सांगितले नाही. इतक्या खटपटीने आणलेली वस्तू वाईट आहे हे कबूल करायला आम्हाला त्या क्षणी लाज वाटली असावी. पुढे तीन आठवड्यांनी बाबा गेले.

त्या कॅसेटीचे काय बिघडले होते हे समजायला मला बरीच वर्षे लागली. हा चित्रपट टेक्निकलरमध्ये घेतलेला. त्या कॅमेऱ्यात एक लोलक असे. तो प्रकाशाचे भाग करी आणि तीन वेगवेगळ्या काळ्यापांढऱ्या फिल्मींवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद होई. पुढे छापखान्यात तीन ठसे एकावर एक उमटवावेत तसे रंग चढवून पडद्यावरची प्रत काढीत. असे रंग टिकतात. पण नंतरच्या काळातल्या स्वस्त प्रती साध्या रंगीत फिल्मवर काढलेल्या असत, आणि त्या वर्षांनी विटून गुलाबी पडतात. त्यात अमेरिकेत या चित्रपटाच्या हक्कांचे नूतनीकरण वेळेवर झाले नाही आणि तो बेवारशी झाला. कोणीही यावे, हाती लागेल ती विटकी प्रत घ्यावी आणि कॅसेट काढून विकावी! आधीच घरगुती व्हिडिओ-कॅसेटीत रंगाचा तपशील फार थोडा मावतो, म्हणून तांबडे ओघळते. अमेरिकेची टी.व्ही.ची पद्धत ५२५ रेषांची, आपली ६२५ रेषांची. हे रूपांतर करताना आणखी खराबी. आणि आमच्या हाती आलेली कॅसेट बहुधा नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. चुंबकीय फितीची दर नक्कल आधीचीपेक्षा मळकट निघते. अशी चार हात फिरलेली वस्तू आम्ही बाबांना दाखवली होती.

पुढे १९९८-९९ च्या सुमारास पुण्याच्या फुटपाथवर मला तिची व्हीसीडी मिळाली. ती त्याहून थोर! व्हीसीडीत चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांत बसवतात, आणि जागा वाचावी म्हणून जे हलत नाही ते पुन्हा नोंदवीत नाहीत. दिवाणखान्यात बसून भांडणाऱ्या सासू-सुनांना हे चालते. पण जंगलात वारा सुटला की एकूण एक पान हलते. यंत्राची तारांबळ उडते आणि झाडांचे चौकोन होतात. मोगली घराच्या फरशीवरून पळतो आहे असे वाटत होते. ती मी कोणाला दाखवली नाही.

आणि आता ही तबकडी. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २०११ साली साबूचे तीन चित्रपट एका संचात काढले, त्यातली. फारशी डागडुजी न करता, पण चांगल्या प्रतीवरून घेतलेली. मुलीने ती आठवणीने शोधून पाठवली. तिला कॅसेटीची कथा ठाऊक आहे.

चांद्याचा आता चंद्रपूर झाला त्याला साठ वर्षे झाली, पण दादा अजून चांदाच म्हणतो. जटपुरा दरवाजाच्या आत, गोंड राजांच्या परकोटाच्या छायेत त्याचे घर. तोही जंगलखात्यातच होता, रेंजर म्हणून निवृत्त झाला. मी पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता. त्याने हाक मारली, पण माझ्याकडे न पाहता फाटकाकडे पाहून. मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो.

स्वयंपाकघरात वहिनींनी हळूच सांगितले, “भाऊजी, त्यांना बाजूचं दिसत नाही आताशा. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, नळीतून पाहावं तसं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. तुम्ही विषय काढू नका, चिडतात.”

मी तबकडी दाखवली तेव्हा दादाने ती हातात फिरवली आणि म्हणाला, “आधी नदी पाहू. मग ही.” तो बाबांचाच स्वर होता. वादाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवून निघालो. मूलमार्गे गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग पानगळीने उघडा पडलेला, अधूनमधून ऐन आणि धावडा, आणि पळस असा पेटलेला की कोणाच्याही मनात टेक्निकलरच यावे. एका वळणावर ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, रोही!” डावीकडे सागात चार रोही उभ्या होत्या. ज्याने आयुष्यभर आम्हाला जनावरे दाखवली तो दादा सरळ रस्त्याकडे पाहत म्हणाला, “हो हो, मोठा कळप आहे.” मी काही बोललो नाही.

मूलच्या पुढे चहाला थांबलो. टपरीच्या कुडावर झाडीपट्टीतल्या नाटकाचे फाटके पोस्टर होते. या भागाची रंगभूमी हे एक प्रकरणच आहे. दिवाळीनंतर धान निघाले की वडसा येथून नाटक-मंडळ्या गावोगाव निघतात आणि मांडवात रात्रभर नाटक चालते, ते थेट होळीपर्यंत. इथल्या माणसाला विटकी प्रत पाहण्याची पाळी येत नाही. त्याच्यासमोर नट घाम गाळीत उभा असतो.

चहावाली बाई मोहाची टोपली सुपात ओतून काडीकचरा निवडत होती. मोह नुकताच पडू लागला होता. मी विचारले, मोह वेचायला पहाटेच जाता का?

“पहाटे जात नाई जी आता,” ती म्हणाली. “ऊन वर आल्यावर जातो, दहा-बारा बाया मिळून. दोन गडीमाणसं काठ्या घेऊन उभी राहतात. मागच्या साली माझी जाऊ गेली नं. वाकून वेचत होती. वाघाले वाटलं, जनावरच आहे.”

तिने हे निवडणे न थांबवता सांगितले. दादाने विचारपूस केली, पैसे मिळाले का, मुले कोण सांभाळते. मग ती म्हणाली, “जंगलात जाऊ नका म्हणतात. मोह नाई, तेंदू नाई, तर खायचं काय?”

गाडीत बराच वेळ आम्ही गप्प होतो. चित्रपटात मोगली शेरखानाला सुरीने मारतो आणि थिएटरात टाळ्या पडतात. पुण्यात आम्ही वाघ वाचावा म्हणून टाळ्या वाजवतो. वाघ वाचले याचा मला खरोखर आनंद आहे. पण त्या आनंदाचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते ते त्या टपरीवर दिसले. दादा रेंजर होता, असे पंचनामे त्याने केलेले आहेत. तो इतकेच म्हणाला, “वाकलेलं माणूस चार पायांचं दिसतं रे. वाघाची चूक नाही, तिचीही नाही. हे पंचनाम्यात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कधी कळलं नाही.”

व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. फाल्गुनात नदी वाळूत अंग चोरून वाहते. वर गोसीखुर्दचे धरण झाल्यापासून तिची लय बदलली असे दादा म्हणाला. चामोर्शीवरून आम्ही मार्कंड्याला गेलो. महाशिवरात्रीची जत्रा नुकतीच उठली होती; चुली मांडल्याच्या काळ्या खुणा आणि नारळाच्या शेंड्या वाळूत पडलेल्या. इथे नदी वळसा घेऊन उत्तरेला वाहते, म्हणून स्थान पवित्र. काठावरची देवळे शिल्पांनी अशी भरलेली आहेत की वाघाच्या पक्षातल्या मंडळींनी अर्धा दिवस इकडे द्यायला हरकत नाही. पण मंदिराचे वर्णन करण्याचा माझा अधिकार नाही. आम्ही पाण्याकाठी एका दगडावर बसलो.

“किपलिंगची वैनगंगा ती हीच,” मी उगीच म्हणालो.

“बाबा प्रत्येक वेळी हेच म्हणत,” दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने: “त्या दिवशी त्यांना सांगायला हवं होतं.”

इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता.

“मला वाटलं, तू सांगशील,” मी म्हणालो.

“मला वाटलं, तू. कॅसेट तू आणली होतीस.”

पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यात बसल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो.

तिथून आष्टीवरून आलापल्ली. हा रस्ता माझ्या लहानपणी सागवानाच्या बैलगाड्यांचा होता. आता त्यावरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक जातात आणि कडेच्या झाडांची पाने तांबूस धुळीने माखतात. आलापल्लीच्या राखीव वनात, ज्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात, अजून असे साग आहेत की वर पाहताना टोपी पडते. २०१४ साली त्या तुकड्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. बाबांचे ऑफिस होते तिथे आता काही ओळखू आले नाही. दक्षिणेकडे कमलापूरला सरकारी हत्ती आहेत, मूळ लाकूड ओढायला ठेवलेले, बाबा आम्हाला ते दाखवायला नेत आणि माहुताच्या पोराकडे बोट करून म्हणत, “हा बघा साबू.” तो बिचारा लाजून हत्तीच्या पायामागे लपे.

परतीच्या वाटेवर चपराळा. इथे वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे तिचे नाव प्राणहिता होते. साडेपाचशेहून अधिक किलोमीटर चालून आलेली मोगलीची नदी इथे आपले नाव टाकून देते. बाबांना हे आवडत नसे. सरकारी कागदातही ते ‘प्राणहिता (वैनगंगा)’ असे लिहीत आणि साहेबाची बोलणी खात.

गोंडपिपरीवरून रात्री चांद्याला परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तबकडीचा समारंभ. तिथेही विघ्न. अमेरिकेची तबकडी विभाग क्रमांक १ ची, आपला देश विभाग ५ मध्ये. जग असे तुकड्यांत वाटलेले, की तिकडची तबकडी इकडच्या यंत्राने ओळखू नये. पुतण्याने कुठूनसे बाहेरून जोडायचे यंत्र आणून संगणकाला लावले. तेही म्हणाले की विभाग बदलून देतो, पण अशी मुभा पाचदाच. “काका, एक संधी तुमच्यावर खर्च करतोय,” पुतण्या म्हणाला.

दादाची खुर्ची मोठ्या टी.व्ही.च्या अगदी समोर, मध्यावर ठेवली. नाती पायाशी बसल्या. त्यांना डिस्नेचा मोगली ठाऊक, २०१६ चा ठाऊक. बापाकडून त्यांनी १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी लागणाऱ्या जपानी कार्टूनची कीर्तीही ऐकलेली. ऐंशीएक वर्षांपूर्वीच्या या मोगलीला त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती.

पण चित्र सुरू झाले आणि मी सगळे विसरलो. हिरवे खरेच हिरवे होते! बाबांनी तोंडाने सांगितलेला एकेक रंग आपापल्या जागी उभा होता. दादा पुढे झुकून पाहत होता. मधून त्याच्यातला रेंजर बोले: “हा वेल आपल्याकडचा नाही.” “वाघ बरा आहे. पोसलेला दिसतो.” अजगर बोलू लागला तेव्हा धाकटी नात म्हणाली, हा रबराचा आहे, आणि वहिनी म्हणाल्या, असू दे, किती गोड बोलतोय.

मोगली पाण्याकाठी येतो तो प्रसंग लागला. दादाने हात वर केला. पुतण्याने चित्र थांबवले.

साबूच्या खांद्याच्या कडेला तांबड्या रंगाची बारीक किनार दिसत होती. जुन्या टेक्निकलरच्या तिन्ही फिल्मी काळाने सारख्या आक्रसत नाहीत, आणि मग ठसे एकमेकांवर नेमके बसत नाहीत. चांगल्या प्रतीतही हे राहून जाते.

“त्याच्या खांद्याला तांबडी रेघ आहे,” दादा म्हणाला. तो माझ्याकडे वळला नाही. “ती चित्रात आहे, की माझ्या डोळ्यात?”

वहिनी हातातले निवडणे थांबवून माझ्याकडे पाहू लागल्या.

“चित्रात आहे, दादा,” मी म्हणालो. “मलाही दिसतेय. प्रतीचा दोष आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

धाकटी नात उठून टी.व्ही.पाशी गेली आणि तिने त्या रेघेवर बोट ठेवले. “ही ना आजोबा? मलापण दिसते.”

“बरं,” दादा म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकला. “चालू करा. आणि आवाज थोडा वाढवा. वणवा अजून यायचाय.”